अदमास

चाळीस वर्षं मी काही मोजलं नाही.
कढईतल्या दुधात कोपर बुडवायचा, कळायचं ऊन किती,
मग कोकराच्या पोटातलं विरजण
बोटाच्या पेरावर घेऊन सोडायचं.
अर्ध्या तासात दूध असं धरायचं
की सुरी उभी राहावी.
फोन्नी गावात विचारा कुणालाही,
बाकीझियोचं चीज कधी कडवट लागलं का.

मग नुओरोच्या इस्पितळातून
नऊ वर्षांची बात्तिस्तिना घरी आणली
आणि तिच्याबरोबर एक वजनकाटा,
काचेचा, तळहाताएवढा.
तिथली बाई म्हणाली होती:
दहा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट.
सकाळी मात्र आठाला एक.
का?
सकाळ अशीच असते, म्हणाली.
मी मान डोलावली.
भागाकार आला त्या वर्षी शाळा सुटली होती माझी.

फ्रिजवर बायकोच्या अक्षरात कागद लागला.
कारासाऊ, आपली कागदासारखी भाकरी, अख्खी: चाळीस.
मालोरेद्दुस, एक मूठ:
(कुणाची मूठ? खोडलं. कोरडे, साठ ग्रॅम.)
दूध, एक पेला: दहा.
चीज: शून्य.
त्या शून्याचा मला उगाच अभिमान वाटला.

मालोरेद्दुस ताटात गरीब असतात.
रात्री दोनला येतात वसुलीला.
दोनशे ऐंशी, कधी तीनशे.
बायको पेन घेऊन उठते,
मी पांघरूण बाजूला करतो,
पोर झोपेतच दंड पुढे करते,
जणू कुणी राखी बांधतंय
तसं काही आमच्याकडे नाही खरं,
कुठल्याशा माहितीपटात पाहिलं होतं.

मे महिना. लोकर कातरायचा दिवस.
पंधरा माणसं, तीनशे मेंढ्या,
मल्लेनाआत्याने तळलेल्या सेआदास,
पोटात चीज, वरून मध.
मी हिशेब केला. अडतीस. चार युनिट.
स्वतः टोचलं, ऐटीत,
सगळ्यांसमोर.
सुई आधी, घास मागून:
पंधरा मिनिटांची उधारी.

मध निघाला आर्बुतुसच्या फुलांचा, कडू.
तिने एक घास घेतला
आणि बाकीची सेआदा कुत्र्याला घातली.
वर ती धावत होती,
नुकत्या कातरलेल्या, लाजलेल्या
कोकरांच्या मागे, चढावर, उतारावर.

मग कुंपणाशी उभी राहिली.
ओठ पांढरे. म्हणाली,
बाब्बू, मला त्या काळीचं नाव आठवत नाहीये.
बावन्न.
रसाचा डबा माझ्या खिशात होताच.
पण हात लोकरीच्या चरबीने बरबटलेले,
नळी भोकात जाईना.
दातांनी फाडला कोपरा.
पंधरा कातऱ्या थांबल्या.
आयुष्यात पहिल्यांदा
त्या वाड्यात कुणी बोललं नाही.

मी ताट मोजलं होतं.
पोर मोजली नव्हती.

हे मी इस्पितळातल्या बाईला सांगितलं.
तिने वहीत काहीतरी लिहिलं,
म्हणाली, पळायचं असेल तर कमी करा, अर्ध्यापर्यंत.
आणि खाईल की नाही याचा भरवसा नसेल
तर खाऊन झाल्यावर टोचा.
चुकेल. मग पुन्हा मोजा.
मला विरजण आठवलं:
उन्हाळ्यात कमी, थंडीत थोडं जास्त,
ओल्या चाऱ्यावरच्या दुधाला वेगळं.
बापाने हे कधी सांगितलं नव्हतं.
चुकवू दिलं होतं.

आता ती अकरा वर्षांची आहे.
काटा कपाटात असतो, कधीकधी काढते,
स्वतःला पकडायला.
रात्री दिवे गेल्यावर
स्वयंपाकघरातून कारासाऊ मोडल्याचा आवाज येतो,
कट्.
मी पलंगावरून, डोळे मिटून:
बारा?
थोडा वेळ काही नाही. चावण्याचा आवाज.
पंधरा, बाब्बू.
तू कान साफ कर.